आधी खाटा, मग खजिना

वैरागच्या शाळांची सहल निघाली की गाडी एक तर तुळजापूर-नळदुर्गच्या बाजूला वळते, नाही तर सोलापूर ओलांडून थेट विजापूरला जाते. त्यामुळे आमच्या भागातल्या मुलांना गोलघुमटाची ओळख करून द्यावी लागत नाही. आठवी-नववीतले प्रत्येक पोर वरच्या सज्जात उभे राहून एकदा तरी स्वतःचे नाव ओरडून आलेले असते आणि आपले नाव पुन्हा पुन्हा परत येताना ऐकून खुळ्यासारखे हसलेले असते. शिक्षक खाली उतरायला सांगून थकतात. मग डबे उघडतात, चपाती-भाजी होते आणि गाडी परतीला लागते.

या गडबडीत घुमटासमोरचा नगारखाना राहून जातो. जिथे एके काळी नौबत झडायची त्या इमारतीत १८९२ पासून संग्रहालय आहे. शिलालेख, चित्रे, हस्तलिखिते, शस्त्रे, असे बरेच काही तिथे मांडलेले आहे. नगारे वाजवायला बांधलेली जागा वस्तू जपण्याच्या कामी आली. मुलांना हे सांगितले तर ती विचारतात, "सर, मग संग्रहालयासाठी म्हणून वेगळी इमारत कुणी बांधतच नाही का?" प्रश्न चांगला आहे. बांधतात. मुंबईत बांधली, आणि तिच्या पोटात आपल्या शेजारच्या विजापूरचाच घुमट घातला. पण ती तयार झाली तेव्हा पहिली काही वर्षे तिथे ना मूर्ती आल्या, ना चित्रे. तिथे लोखंडी खाटा आल्या. या महिन्यात त्या इमारतीविषयी लिहायचे ठरवले आहे. त्यामागे आमचा थोडा स्वार्थही आहे, तो पुढे येईलच.

आज जिला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणतात ती ही इमारत. १९९८ मध्ये हे नाव मिळण्याआधी ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून ओळखली जायची, आणि जुने मुंबईकर अजूनही तसेच म्हणतात. इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, १९०५ मध्ये मुंबईत येणार होते. त्यांच्या भेटीची आठवण म्हणून काहीतरी उभारावे असे शहरातल्या बड्या मंडळींनी ठरवले. पुतळा उभारणे सोपे होते. मुंबईत पुतळ्यांची तेव्हाही वाण नव्हती. या लोकांनी मात्र संग्रहालय हवे म्हटले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या हस्ते पायाचा दगड बसला. जागेचा कागद मात्र नंतर हातात पडला. १ मार्च १९०७ रोजी मुंबई सरकारने 'क्रेसेंट साइट' नावाचा तुकडा समितीला दिला. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर. आपल्या हिलालशी त्याचा काही संबंध नाही, जमिनीचा आकारच कोरीसारखा होता म्हणून ते नाव.

आता पैशांचा हिशेब पाहू. आम्ही वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडतो, कारण इतिहास शिकवताना आकडे टाळले की मुलांना वाटते इमारती आपोआप उगवतात. युवराजांच्या भेटीनिमित्त गोळा झालेला स्मारक निधी होताच. त्याशिवाय सरकारचे ३,००,००० रुपये, नगरपालिकेचे २,५०,०००, सर कावसजी जहांगीर यांचे ५०,००० आणि सर करीमभाई इब्राहिम यांचे ३,००,०००. निधी सोडून बेरीज करा, ९ लाख होतात. त्यातला बरोबर एक तृतीयांश हिस्सा एकट्या करीमभाईंचा. सरकारने जेवढे दिले तेवढेच एका माणसाने दिले.

करीमभाई कच्छी खोजा घराण्यातले. व्यापारातून वर आले आणि मुंबईच्या मोठ्या गिरणीमालकांत गणले जाऊ लागले. त्यांच्याविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही, आणि याचे आम्हाला नवल वाटते. कुणी मुसलमान शेठने मशीद बांधली, मुसाफिरखाना बांधला, यतीमखाना काढला तर आपण पिढ्यान् पिढ्या आठवण ठेवतो. ठेवावीच. पण ज्या इमारतीत बुद्धाच्या मूर्ती, मराठ्यांच्या तलवारी, मोगलांची चित्रे आणि जंगलातले पक्षी एकाच छपराखाली ठेवायचे होते, तिच्यासाठी तीन लाख मोजणाऱ्या खोजा व्यापाऱ्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. त्या काळचे तीन लाख! मुलांना आम्ही सांगतो, घरी आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी आणेवारीत काय काय मिळायचे, आणि मग तीन लाखांची कल्पना करा.

पैसा जमला की इमारत उभी राहते, पण ती कुणाची हे पैशाने ठरत नाही. मुंबईकरांना याचा एक कडू अनुभव आधीच आलेला होता. शहरातले पहिले संग्रहालय कोटातल्या बराकीत सुरू झाले होते. १८५७ चा उठाव झाला, सरकारला सैनिकांसाठी बराकी हव्या झाल्या आणि संग्रह बाहेर निघाला. गडबडीत बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. त्यानंतर जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डेव्हिड ससून, जॉर्ज बर्डवूड अशा वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र येऊन भायखळ्याला स्वतंत्र इमारत उभारली. तिचा पाया १८६२ मध्ये घातला आणि ती लोकांसाठी खुली व्हायला १८७२ उजाडले. तीच आजची भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार घरमालकाला गरज पडली की रस्त्यावर येतो, भाड्याने राहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

म्हणून नव्या संग्रहालयाच्या बाबतीत एक गोष्ट फार विचारपूर्वक झाली, आणि आमच्या मते सगळ्या हकिकतीतली ही सर्वांत महत्त्वाची. इमारतीची एक वीटही चढलेली नव्हती तेव्हाच तिच्यासाठी कायदा झाला, १९०९ चा मुंबईचा तिसरा कायदा. संग्रहालय कोणत्या कामासाठी, ते कुणाच्या ताब्यात राहील, कारभार कोण पाहील, हे आधी कागदावर आले. लग्नाच्या आधी मेहेर ठरवून लिहून घेतात तसेच म्हणा ना. त्याच १९०९ मध्ये नकाशांची खुली स्पर्धा झाली आणि काम जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुविशारदाला मिळाले. वय अवघे एकतीस. पुढे गेटवे ऑफ इंडियाही त्यानेच रचला. १९२६ मध्ये तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

विटेटने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने विलायती चर्चचा किंवा ग्रीक खांबांचा साचा आणून इथे ठेवला नाही. त्याने दख्खनकडे पाहिले. बाहेरून दिसणाऱ्या घुमटाचा घाट त्याने गोवळकोंड्याच्या इमारतींवरून घेतला. कमळाच्या पाकळ्यांतून वर आल्यासारखा तो घुमट दिसतो, आणि भोवती छोट्या घुमट्यांची दाटी. आत मात्र त्या घुमटाला पेलणाऱ्या कमानी आल्या त्या विजापूरच्या गोलघुमटावरून. कुतुबशाही आणि आदिलशाही हयातीत एकमेकांशी कितीदा लढल्या असतील, मुंबईत एकाच छपराला येऊन मिळाल्या. आपले सोलापूरही या ओढाताणीतून सुटलेले नाही. चांदबीबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून अहमदनगरकरांकडून विजापूरकरांकडे गेला, आणि पुढे त्यावरून लढायाही झाल्या.

कमानींची गंमत थोडी उलगडून सांगतो, कारण मुलांना ही समजली की पुढच्या सहलीत ती ओरडण्याआधी वर बघतात. खोली चौकोनी असते, घुमट गोल. चौकोनावर गोल कसा बसवायचा? चार कोपरे रिकामे राहतात, तिथे काय करायचे? गोलघुमटाच्या कारागिरांनी अशी युक्ती केली. कागदावर एक चौरस काढा. त्याच मापाचा दुसरा चौरस थोडा फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांची चांदणी तयार होते आणि तिच्या आत एक अष्टकोन. आता या दोन्ही चौरसांच्या बाजू म्हणजे कमानी समजा. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, कोपरे भरून निघतात आणि वर जवळजवळ गोल असा काठ तयार होतो. त्या काठावर घुमट निवांत बसतो. मध्ये एकही खांब नाही. १६५६ मध्ये मुहंमद आदिलशहाच्या कबरीवर हा घुमट पुरा झाला. त्याचा आतला व्यास १२४ फूट आहे. अडीचशे वर्षांनी विटेटला मुंबईत हेच हवे होते. आत येणाऱ्या माणसाला मधोमध मोकळी, उंच जागा मिळावी, तिथून त्याला तिन्ही मजले दिसावेत, आणि कोणत्या दालनात जायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

त्या मधल्या जागेत त्याने आणखी एक घर आणून बसवले. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातले लाकडी खांब आणि कमानी विकत घेऊन त्या आतल्या रचनेत गुंफल्या. खाली जैन मंदिरांच्या धर्तीचे खांब, वर मराठी वाड्याचा सज्जा, त्याच्याही वर विजापुरी कमानी आणि डोक्यावर गोवळकोंड्याचा घुमट. ऐकायला गोधडीसारखे वाटते. पण आत उभे राहिले की ठिगळे दिसत नाहीत. आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे, नऊवारी, सलवार, अब्बांच्या कुर्त्याचा तुकडा, सगळे त्यात आहे. थंडीत ती अंगावर घेताना कुणाला तुकडे मोजावेसे वाटत नाहीत.

दगडही इथलाच आहे. कुर्ल्याच्या खाणीतला करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. कुर्ल्याचा दगड आपल्या काळ्या दगडाचाच भाऊ म्हणायचा. बाहेर पुढे आलेले सज्जे, झरोके, दगडी जाळ्या. जाळी शोभेसाठी असते असा आपला समज असतो. उन्हाळ्यात वैरागला राहणाऱ्याने तरी तो ठेवू नये. जाळीतून वारा येतो, ऊन येत नाही. चित्राला आणि कापडाला तिखट उजेड सोसत नाही, रंग उडतात. म्हणून उजेड गाळून घ्यावा लागतो, चहा गाळतात तसा.

१९१४-१५ च्या सुमाराला ही इमारत उभी राहिली आणि नेमके तेव्हाच पहिले महायुद्ध पेटले. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर फौजा जायच्या त्या मुंबई बंदरातून, आणि जखमी परत यायचे तेही याच बंदरात. खाटा टाकायला जागा कुठून आणायची? बंदरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक भलीमोठी, कोरीकरकरीत, रिकामी इमारत होती. ती लष्करी इस्पितळाला दिली गेली. लहान मुलांच्या आरोग्य-कल्याणाच्या कामालाही ती काही काळ वापरली गेली. मूर्तींसाठी योजलेल्या दालनांत जखमी माणसे निजली.

आता जरा विचार करा. संग्रहालयाची इमारत इस्पितळ म्हणून कशी काय चालली? खोल्या लांबलचक, छत उंच, दोन्ही अंगांनी हवा, ऊन थेट आत नाही, रुंद जिने, रुंद दारे. मोठी मूर्ती ज्या दारातून आत जायची त्यातून स्ट्रेचरही सहज जाते. माणसांच्या रांगा न अडखळता फिरतील अशी मोकळीक दालनांत होती, तीच खाटांच्या दोन रांगांमध्ये फिरणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या कामी आली. चांगली जागा म्हणजे जिचा एकच उपयोग होतो ती नव्हे, असे आम्हाला हे वाचताना वाटत राहिले.

मेसोपोटेमियातल्या त्या पलटणींत मराठ्यांच्या पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही भरती होत असे. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिकडे लढल्या. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये जी फौज शरण गेली तिच्यात आपल्याकडची माणसे होती. ज्या बसरा-बगदादची नावे दख्खनी मुसलमान शिपायाने लहानपणी गोष्टींत ऐकली होती, तिथे तो इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढला. तुर्की सुलतान तेव्हा खलिफा होता. बंदूक हातात असताना त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे लिहून ठेवणारे त्याच्या घरात कुणी नव्हते. आपल्या भागात एखाद्या घरात पणजोबांचे पदक ट्रंकेत असेल तर ते भंगारात घालू नका. निदान त्यावरची अक्षरे वाचून वहीत उतरवून ठेवा. पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते.

युद्ध १९१८ मध्ये थांबले. खाटा लगेच निघाल्या नाहीत. १९२० मध्ये इमारत संग्रहालयाच्या विश्वस्तांच्या हाती परत आली. परत आली, या शब्दांवर आम्ही मुद्दाम जोर देतो. मोठ्या, सोयीच्या, मोक्याच्या जागेत एकदा सरकारी खाते शिरले की ते बाहेर निघत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. इथे ते निघाले, आणि त्यामागे १९०९ चा कागद होता. इमारत संग्रहालयाची आहे हे आधीच लिहिलेले होते. इस्पितळाला ती उसनी दिली होती, आणि उसने दिलेले मागता येते.

उद्घाटन १० जानेवारी १९२२ रोजी झाले, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या पत्नी लेडी लॉईड यांच्या हस्ते. पायाच्या दगडापासून सोळा वर्षे उलटून गेली होती. शहराची हवाही पार बदलली होती. दोनच महिन्यांपूर्वी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, नवे प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले तेव्हा असहकार आणि खिलाफतच्या लोकांनी बहिष्कार पुकारला होता, शहरात दंगली उसळल्या, आणि त्या थांबाव्यात म्हणून गांधीजींनी उपास केला होता. १९०५ मध्ये ज्या पदवीच्या माणसाचे कौतुक म्हणून पाया घातला, १९२१ मध्ये त्याच पदवीच्या माणसाला लोकांनी पाठ दाखवली. अशा हवेत संग्रहालयाचे दार उघडले. दारावर युवराजाचे नाव, पण आतल्या वस्तू इथल्या.

वस्तू जमवण्याचे काम इमारत इस्पितळ असतानाच सुरू झाले होते. १९१५ मध्ये शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला गेला. सर रतन टाटांचा संग्रह उद्घाटनाच्या सुमाराला आला, सर दोराब टाटांचा १९३३ मध्ये. निसर्ग विभागाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा हात लागला. म्हणजे एका बाजूला घारापुरीच्या काळातली शिल्पे, दुसऱ्या बाजूला पेंढा भरलेले पक्षी, वरच्या मजल्यावर विलायती चित्रे आणि शस्त्रे. अकबर बादशहाचे म्हणून दाखवले जाणारे चिलखतही तिथे आहे.

मध्यंतरी आमच्या ओळखीतल्या एक खाला मुंबई सहलीचे ऐकून म्हणाल्या, "पोरींना त्या बुतखान्यात कशाला नेता?" त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, वयाने मोठ्या आहेत. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की तिथे 'अन्वार-ए-सुहैली'च्या अकबरकालीन हस्तलिखिताची चित्रे आहेत. त्यांनी लहानपणी उर्दूतून या किताबातल्या कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. डोळे एकदम चमकले. मग सांगितले की हा फारसी ग्रंथ हेरातच्या हुसेन वाइज काशिफींचा, आणि त्यातल्या गोष्टींचे मूळ आपल्या पंचतंत्रात. गोष्टी इथून निघाल्या, पहलवी-अरबीतून फारसीत गेल्या, चित्रे लेवून परत आल्या आणि आता त्या दगडी दालनात आहेत. खाला थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिकीट किती असतं?"

वस्तू वाढत गेल्या आणि मोकळी वाटणारी इमारत अपुरी पडू लागली. हे सगळ्या संग्रहालयांचे होते, आणि सगळ्या घरांचेही. आता संग्रहात पन्नास हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. २००८ मध्ये पूर्वेकडच्या भागात ३०,००० चौरस फूट जागा नव्याने लावून पाच दालने, फिरत्या प्रदर्शनांसाठी एक दालन, वस्तूंच्या दुरुस्तीची कार्यशाळा आणि सभेची खोली केली. २०१९ मध्ये आवारात गोरखचिंचेच्या जुन्या झाडाशेजारी मुलांचे संग्रहालय उघडले. संग्रहालयाची एक बसही आहे, वस्तू घेऊन शाळांकडे जाते. २०२२ मध्ये इमारतीच्या डागडुजीला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकसाठीचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. हे सारे चांगलेच झाले. आम्हाला विचाराल तर मात्र त्या इमारतीची सर्वांत मोलाची चीज काचेच्या कपाटात नाही. घुमटाखालची जी जागा मोकळी सोडली आहे, ती. तिथे काही ठेवावे असा मोह शंभर वर्षांत किती जणांना झाला असेल!

आता आमचा स्वार्थ. आमच्या भागातल्या एका गावात, नाव मुद्दाम देत नाही, जमातने बारा-तेरा वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक खोली बांधली. वीस फूट बाय पंधरा. मुलामुलींना अभ्यासाला आणि वाचायला जागा हवी म्हणून. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात तिथे दहावीच्या मुलीने वही कुठे उघडायची, हा प्रश्न त्यामागे होता. बायकांनी ईदीतून वाचवलेले पैसे दिले, एका मिस्त्रीने मजुरी घेतली नाही. उर्दूची आणि मराठीची मिळून चार-पाचशे पुस्तके जमली.

मग कोरोना आला. खोली रेशनच्या पिशव्या ठेवायला घेतली गेली, पुढे ऑक्सिजनचे सिलिंडरही तिथेच असायचे. कुणी हरकत घेतली नाही. घ्यायचीही नव्हती, माणसे मरत असताना पुस्तके कोपऱ्यात गेली तर बिघडत नाही. आम्ही स्वतः तिथे रात्री पिशव्या भरल्या आहेत. पण साथ ओसरली, सिलिंडर गेले, आणि रिकाम्या झालेल्या जागेत लग्नाच्या देगा आल्या. मागून सतरंज्या, मंडपाचे बांबू, जनाजाचे जुने सामान. पुस्तके दोन पोत्यांत भरून माळ्यावर गेली. किल्ली कुणाकडे आहे हे विचारायला तीन घरी जावे लागते. कुणाच्या मनात वाईट नाही. प्रत्येकजण म्हणतो, "जागा पडूनच होती ना." मुली आता रात्री मशिदीबाहेरच्या दिव्याखाली बसू शकत नाहीत, मुले बसतात. फरक एवढाच पडला आहे.

आम्ही जुनी माणसे गाठून विचारले, खोली बांधताना काही लिहून ठेवले होते का? वर्गणीची वही सापडली. कुणी किती दिले ते पैशा-पैशाने लिहिलेले आहे. कशासाठी दिले, ते कुठेच नाही. वक्फ करणारा माणूस ज्या कामासाठी मालमत्ता देतो ती त्याची अट पाळावी लागते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. इथे देणारे शंभर होते आणि अट सगळ्यांच्या मनात होती. त्या शंभरातले बरेच आता हयात नाहीत.

म्हणून यंदा आम्ही काही जणांनी वाद न घालता दोन कामे केली. पहिले, नववीच्या मुलींना घेऊन खोली मोजली. त्यांनी नकाशा काढला. उत्तरेची खिडकी देगांमागे झाकली गेली आहे, ती मोकळी झाली तर दिवसा दिवा लावावा लागणार नाही, हे त्यांनीच दाखवून दिले. देगांसाठी मागच्या भिंतीला लागून पत्र्याची आठ फुटी शेड पुरेल, असा हिशेबही त्यांनी मांडला. मंडपवाल्याशी बोलून शेडचा खर्च काढला आहे, तो फार नाही. दुसरे काम कागदाचे. खोली कशासाठी, किल्ली कुणाकडे, अडचणीच्या वेळी ती दुसऱ्या कामाला कोण देऊ शकेल आणि किती दिवसांत ती परत करायची, एवढे चार मुद्दे. शेवटच्या मुद्द्यावर बराच खल झाला. एका बुजुर्गांचे म्हणणे पडले की संकट कधी संपते ते आधी कसे लिहिणार? मग असे ठरले की दिवस लिहायचे नाहीत, दर तीन महिन्यांनी बैठकीत विचारायचे, आणि ते विचारण्याचा हक्क वर्गणी दिलेल्या कुणाही बाईला किंवा पुरुषाला राहील.

मसुदा उर्दूत आणि मराठीत, दोन्हींत लिहून तयार आहे. पुढच्या जुम्म्यानंतर बैठक आहे. लग्नसराई संपेपर्यंत देगा हलवू नका असे काहींचे म्हणणे आहे, त्यावरही तेव्हाच बोलणे होईल.